न्हाणीघरातली लपलेली बुरशी : घासण्याआधी पाणी शोधा

ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या बाथरूममध्ये बुरशी कशी धरेल? आम्ही बाथरूम दुरुस्तीचं काम बघायला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर त्याच बाथरूममध्ये उभं असतं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण टिपाडं आणि पिंपं भरून भिंतीला चिकटवून ठेवतो. त्यांच्यामागची भिंत वर्षभर वाळत नाही. बुरशीला पाऊस लागत नाही. ओली जागा, साबणाचा चिकटा आणि कोंडलेली हवा मिळाली की एक-दोन दिवसांतसुद्धा ती धरायला लागते.

डोळ्यांना दिसते ती बुरशी सोपी. त्रास देते ती भिंतीआडची. एका ताईंनी आम्हाला बाथरूमसाठी बोलावलंच नव्हतं. बेडरूममधल्या कपाटाला कुबट वास येतो, म्हणून त्या सुताराच्या शोधात होत्या. आतल्या पैठणीच्या घडीवर करडे ठिपके पडले होते. कपाट पुढे ओढलं तर मागचा गिलावा फुगलेला. अंगठ्याने दाबला तशी ओली वाळू खाली गळली. त्या भिंतीपलीकडे बरोबर शॉवरचा नळ होता आणि आतल्या एल्बोतून, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडातून, थेंब थेंब पाणी झिरपत होतं. बाथरूमच्या फरश्या मात्र लख्ख.

म्हणून बाथरूमला पाठ लावून असलेलं कपाट वर्षातून एकदा तरी सरकवून बघा. बेसिनखालचं प्लायवूड, आरशाची मागची बाजू, कमोडभोवतीचं सिलिकॉन आणि दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग, या जागाही बघा. पांढरी, हाताला खरखरीत लागणारी खपली म्हणजे बोअरच्या जड पाण्याचे क्षार किंवा भिंतीला लागलेला लोणा. ती बुरशी नव्हे. पण लोणा दिसला म्हणजे भिंतीतून पाणी जातंय, हे नक्की समजा.

पाणी कुठून येतंय?

रात्री मोटार बंद ठेवा, सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करा आणि वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी बघा. पातळी उतरली असेल तर येणारी पाइपलाइन किंवा एखादा नळ गळतोय. पातळी तशीच आणि भिंत ओली, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर, नहाणी ट्रॅपवर (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यावर) किंवा फरशीच्या सांध्यांवर. खोलीकडच्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवा. कागदाच्या आतून थेंब जमले तर ओल भिंतीतलीच आहे.

सुरुवातीच्या काळात ही तपासणी न करता आम्ही एका घरी नुसते सांधे भरून दिले होते. पहिल्याच पावसाळ्यात डाग परत आले आणि ते काम आम्हाला नव्याने करावं लागलं. तेव्हापासून पाणी सापडल्याशिवाय आम्ही छिन्नी हातात घेत नाही.

अ‍ॅसिडबद्दल कळकळीने सांगतो

क्षार निघावेत म्हणून आपल्याकडे दर आठवड्याला फरशीवर अ‍ॅसिड ओततात. फरशी पांढरी होते, पण दोन फरश्यांमधलं सिमेंट अ‍ॅसिड खातं. सांधे उघडे पडतात, पाणी आत उतरतं आणि बुरशीला फरशीखाली घर मिळतं. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. पाणी शुद्ध करायला ग्रामपंचायतीकडून मिळणारी टीसीएल पावडरही ब्लीचच धरा. अशा मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

बुरशीचा डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरीच साफ होतो. खिडकी उघडा, मास्क आणि रबरी हातमोजे घाला. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर त्यांना लांब ठेवा. कोरडा ब्रश फिरवू नका, बुरशीची धूळ घरभर उडते. आधी जागा ओली करा, साबणाच्या पाण्याने घासा, धुवा. त्यानंतर हवं तर एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ६० मिली साधं ब्लीच घालून लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि कोरडं पुसा. हे फक्त फरशीसाठी. गिलाव्यावर किंवा प्लायवूडवर ब्लीच वरवरच काम करतं, मुळं आत राहतात. असा भाग काढूनच टाकावा लागतो. बुरशीवर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

एरवी काळजी एवढीच : टिपाड भिंतीपासून चार बोटं लांब आणि झाकून ठेवा, अंघोळीनंतर वायपर फिरवा, एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू राहू द्या. थंडीत गिझरची वाफ कोंडते आणि एप्रिल-मे महिन्यांत कूलरची दमट हवा अटॅच बाथरूममध्ये शिरते, तेव्हा खिडकी उघडी हवीच. नवं बाथरूम बांधताना फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर किमान २४ तास पाणी भरून ठेवायला मिस्त्रींना सांगा आणि सांध्यांत व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी भरा. ते महाग पडतं, पण पाणी पीत नाही.

आम्हाला बोलावणार असाल तर आदल्या रात्री टिपाडं पुढे ओढून ठेवा आणि सकाळी शक्यतो ते बाथरूम वापरू नका. कोरड्या भिंतीवर ओल कुठून उतरते ते लगेच दिसतं आणि तेवढ्याच फरश्या काढाव्या लागतात.