हायब्रिड गाडीचे इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलावे?

हायब्रिड गाडी सर्व्हिसिंगला आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "इंजिन तर निम्मा वेळ बंदच असते, मग ऑइलही दुप्पट दिवस चालायला हवे ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक गाड्यांसाठी "नाही" असेच आहे, आणि काही गाड्यांना तर उलट लवकर ऑइल बदलावे लागते. आपली गाडी कुठे बसते हे तुमचे तुम्हाला ठरवता यावे, म्हणून हे पत्रक.

मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्यासाठी दोन आकडे असतात, किलोमीटर आणि महिने. त्यांपैकी जो आधी भरेल तो धरायचा. अनेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने असे दिलेले असते. हा आकडा म्हणजे कमाल मर्यादा समजा. त्याच मॅन्युअलमध्ये, बहुधा मागच्या पानांवर, "खडतर वापर" असे वेगळे कोष्टक असते आणि ते फारसे कोणी उघडत नाही. उदाहरण द्यायचे तर टोयोटा अमेरिकेत ०डब्ल्यू-२० (ही ऑइलच्या पातळपणाची ग्रेड) सिंथेटिक ऑइलसाठी १०,००० मैल, म्हणजे सुमारे १६,००० किलोमीटर किंवा १२ महिने सांगते. पण शून्य अंशाखालच्या थंडीत पुन्हा पुन्हा ८ किलोमीटरपेक्षा छोट्या फेऱ्या होत असतील, तर तीच कंपनी तो आकडा निम्म्यावर आणते. ऑइल तेच, इंजिन तेच, फरक फक्त वापराचा.

मीटर चाकांचा हिशेब ठेवतो, ऑइलचा नाही

साध्या पेट्रोल गाडीत चाके फिरत असतात तेव्हा इंजिनही चालूच असते, म्हणून किलोमीटरवरून ऑइलचा अंदाज बांधता येतो. हायब्रिडमध्ये तसे होत नाही. गर्दीत गाडी मोटरवर सरकते, मध्येच दोन-तीन मिनिटे इंजिन लागते, पुन्हा बंद होते. इंजिन कमी फिरल्यामुळे ऑइलवरचा घर्षणाचा ताण कमी होतो, हे खरे. पण ऑइल फक्त घर्षणाने खराब होत नाही. पाणी आणि न जळलेले पेट्रोल हे त्याचे दोन मोठे शत्रू, आणि दोन्ही थंड इंजिनातच साचतात. हायब्रिडचे इंजिन छोट्या फेऱ्यांत पुरते तापतच नाही.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल असते तिथे, उतरते. इंजिन चांगले तापलेले असेल तर ती पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे (चेंबरमधली वाफ ओढून घेणारी झडप) ओढली जाऊन बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर तिचे थेंब होऊन आतल्या धातूवर धरतात आणि ऑइलमध्ये मिसळतात. ऑइल भरायचे झाकण उघडून आतली बाजू पाहा: तिथे दुधाच्या सायीसारखा पिवळसर थर दिसला, तर तो ऑइल आणि पाण्याचा घोळ आहे. झाकण हा इंजिनच्या सर्वांत थंड भागांपैकी एक असल्याने तो तिथे आधी दिसतो. नुसत्या झाकणावर थोडासा असेल तर घाबरू नका, गाडीला लांब फेरी घाला आणि पुन्हा पाहा. डिपस्टिकवरही (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) तसाच फेस असेल किंवा कुलंटची (इंजिन थंड ठेवणारे द्रव) पातळी उतरत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचे सील, तपासून घ्यावे लागेल.

पेट्रोलचे कारण वेगळे. थंड इंजिनला चालू होताना जास्त पेट्रोल दिले जाते. ते सगळे जळत नाही. सिलिंडरच्या गार भिंतीला चिकटते आणि रिंगांवाटे ऑइलमध्ये उतरते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत हे प्रमाण अधिक असते. बऱ्याच हायब्रिडमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे मुळातच पातळ ऑइल असते, त्यात पेट्रोल मिसळले की ते आणखी पातळ होते आणि बेअरिंगवरचा थर कमकुवत पडतो. इंजिन पुरेसा वेळ गरम राहिले तर पेट्रोलचा बराचसा भाग उडून जातो. तेवढा वेळ त्याला मिळत नाही, हीच अडचण.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कुलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापले असे नाही. कुलंट काही मिनिटांत गरम होते. ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. पाच-सात मिनिटांच्या फेरीत डॅशबोर्डवर सगळे ठीक दिसते आणि चेंबरमधले ऑइल कोमटच असते.

इंजिन सतत बंद-चालू होते म्हणून झीज होईल, ही भीती मात्र आमच्या मते अवाजवी आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये (जी नुसत्या मोटरवरही चालू शकते) साध्या स्टार्टरऐवजी मोठी मोटर इंजिनला सुमारे १,००० आरपीएमपर्यंत फिरवते आणि त्यानंतर पेट्रोल सोडले जाते. म्हणजे ठिणगी पडण्याआधीच ऑइल पंप फिरू लागलेला असतो. त्यामुळे इंजिन किती वेळा चालू झाले यापेक्षा थंड असताना किती वेळा चालू झाले, ते मोजा.

तुमच्या गाडीचा हिशेब

माइल्ड हायब्रिडमध्ये गाडी चालत असताना इंजिन जवळजवळ सतत चालू असते, मोटर फक्त हातभार लावते. तिला मॅन्युअलमधला आकडा साध्या पेट्रोल गाडीसारखाच लावा.

खरा विचार स्ट्राँग हायब्रिडबाबत करावा लागतो. समजा, एक गाडी रोज ४ किलोमीटर जाते आणि ४ किलोमीटर परत येते. वर्षाला २५० दिवस धरले तर फेऱ्या ५०० आणि अंतर फक्त २,००० किलोमीटर. दुसरी गाडी ३० किलोमीटरची एकेक फेरी करते. तिच्या ५०० फेऱ्यांत १५,००० किलोमीटर होतात. थंड इंजिन चालू होण्याची वेळ दोघींवर सारखीच, ५०० वेळा. पहिल्या गाडीने १०,००० किलोमीटरची वाट पाहिली तर पाच वर्षे जातील आणि तोवर तेच ऑइल २,५०० वेळा थंड इंजिनात फिरलेले असेल. तेही कधीच पुरते न तापता. दुसऱ्या गाडीचे ऑइल मात्र दर फेरीत तापते, पाणी आणि पेट्रोल उडवून देते.

म्हणून आम्ही असे सुचवतो. बहुतेक फेऱ्या २५-३० मिनिटांच्या असतील, किंवा गाडी हायवेवर जास्त चालत असेल, तर मॅन्युअलचा पूर्ण आकडा वापरा. हायवेच्या वेगाला इंजिन बहुतेक वेळ चालूच राहते, त्यामुळे तिथे जास्तीची सवलतही नाही आणि वेगळी काळजीही नाही. बहुतेक फेऱ्या ८ किलोमीटरच्या आत असतील, हवा थंड असेल किंवा धुळीच्या रस्त्यावर गाडी चालत असेल, तर ६ महिने किंवा ५,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. दोन्हींच्या मधला वापर असेल तर आम्ही ८-९ महिने धरतो. हा आमचा अनुभवाचा अंदाज आहे, कंपनीचा नियम नव्हे. मॅन्युअलपेक्षा उशीर मात्र कोणत्याच परिस्थितीत करू नका.

आठवड्यातून एकदा ३०-४० मिनिटांची सलग, थोड्या वेगाची फेरी घातली तर छोट्या फेऱ्यांचा बराच दोष निघतो. पार्किंगमध्ये गाडी उभी करून इंजिन चालू ठेवल्याने ते साधत नाही; हायब्रिड ते स्वतःच बंद करते.

प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिडमध्ये इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहू शकते. मग एखाद्या दिवशी हायवेला लागताना ॲक्सिलरेटर पुरता दाबला जातो आणि गारठलेल्या इंजिनवर एकदम भार पडतो. अशा गाडीचे ऑइल किलोमीटरवर मोजूच नका, कॅलेंडरवर मोजा: इंजिनवर हजारच किलोमीटर झाले असले तरी १२ महिन्यांनी बदला. कंपनीने वेगळी मुदत स्पष्ट दिली असेल तरच अपवाद. शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन गाडीत ऑइलचे आयुष्य मोजणारी यंत्रणा होती आणि कमाल मुदत दोन वर्षांची होती. शिवाय सुमारे दीड महिना इंजिन लागले नाही तर गाडी ते स्वतःहून थोडा वेळ चालवत असे. तुमच्या गाडीतही असा संदेश आला तर तो रद्द करू नका.

डॅशबोर्डवरची आठवण दोन प्रकारची असते. काही गाड्यांत ती इंजिनचे तापमान, आरपीएम आणि चालू वेळ पाहून ऑइलचे उरलेले टक्के सांगते. होंडाचा मेंटेनन्स माइंडर या प्रकारातला. काही गाड्यांत ती निव्वळ किलोमीटर मोजणारी घंटा असते. तुमच्याकडची कुठली आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. दुसऱ्या प्रकारची असेल तर छोट्या फेऱ्यांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

डिपस्टिक काय सांगते

महिन्यातून एकदा, सपाट जागेवर, इंजिन गरम असताना गाडी पूर्ण बंद करा आणि पाच मिनिटे थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी.

पातळी उतरली तर ऑइल जळते आहे किंवा गळते आहे, हे सगळ्यांना कळते. पातळी चढली तर मात्र बरेच जण खूश होतात. ऑइल आपोआप वाढत नाही. न भरता पातळी वर गेली असेल तर आत पेट्रोल किंवा पाणी उतरले आहे. बोटांवर थेंब घेऊन वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर मुदतीची वाट न पाहता ऑइल बदला. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत ऑइलची तपासणी होते: २ टक्क्यांपेक्षा जास्त पेट्रोल म्हणजे लक्ष ठेवायला हवे, ५ टक्क्यांच्या पुढे म्हणजे ऑइल तातडीने काढायला हवे.

रंगावरून निष्कर्ष काढू नका. काळे ऑइल म्हणजे वाया गेलेले ऑइल नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. उलट पेट्रोल मिसळलेले ऑइल मधासारखे स्वच्छ दिसू शकते.

कोणते ऑइल घालायचे

ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. जाड ऑइल घातले की इंजिन जास्त टिकते, हा समज हायब्रिडला लागू पडत नाही. बेअरिंगची फट, ऑइल पंप आणि व्हॉल्व्ह टायमिंगचे बारीक मार्ग पातळ ऑइल धरूनच आखलेले असतात. शिवाय थंड इंजिनात जाड ऑइल उशिरा पोहोचते आणि ॲव्हरेजही कमी होते. काही मॅन्युअल ०डब्ल्यू-१६ मिळाले नाही तर तात्पुरते ०डब्ल्यू-२० चालवतात, पण पुढच्या खेपेला मूळ ग्रेडवर यायला सांगतात. डब्यावर एपीआय एसपी आणि इल्सॅक जीएफ-६ किंवा त्यानंतरचा दर्जा आहे का ते पाहा. ०डब्ल्यू-१६ साठी जीएफ-६बी किंवा त्यानंतरचा "बी" दर्जा, असा वेगळा शिक्का असतो. "हायब्रिड स्पेशल" एवढेच लिहिलेले असेल आणि हे दर्जे नसतील, तर तो डबा घेऊ नका.

काम होताना काय पाहावे

हायब्रिडचे ऑइल बदलणे अवघड नाही, पण चार गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

पहिली सुरक्षेची. डॅशबोर्डवर "रेडी" दिसत असेल तर इंजिन शांत असले तरी गाडी चालू आहे आणि इंजिन कोणत्याही क्षणी आपोआप फिरू शकते. गाडी बंद करा, स्मार्ट चावी गाडीपासून चांगली लांब ठेवा आणि मगच खाली हात घाला. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट ऑइल तापवण्याची. ते गरम असताना काढले तर घाण बरोबर वाहून येते, पण हायब्रिडचे इंजिन सांगून चालू राहत नाही. त्यामुळे गाडी चालवून आणल्यावर लगेच काम घ्यावे किंवा इंजिन चालू ठेवणारा मेंटेनन्स मोड लावावा.

तिसरी, ड्रेन नटचा वॉशर दर वेळी नवा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळायचा. बऱ्याच इंजिनांना ३० ते ४० न्यूटन-मीटर लागतो. लांब पान्याने जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. कार्ट्रिज फिल्टर (ज्यात फक्त आतला गाळणीचा भाग बदलतात) असेल तर ओ-रिंगही, म्हणजे रबरी कडीही नवीन, ऑइल लावून बसवलेली.

चौथी सर्वांत जास्त चुकते. ऑइल भरून "रेडी" लावले, बॅटरी भरलेली होती, इंजिन लागलेच नाही. नवा फिल्टर रिकामा आहे आणि डिपस्टिक "फुल" दाखवते. गाडी घरी जाताना फिल्टर भरतो, पातळी उतरते, आणि नट किंवा फिल्टरमधून गळत असेल तर ते वाटेत कळते. म्हणून भरल्यानंतर मेंटेनन्स मोडमध्ये इंजिन दोन मिनिटे चालवून, खाली टॉर्चने पाहून, पाच मिनिटे थांबून पातळी पुन्हा मोजलीच पाहिजे. गाडी घेताना हे झाले का ते विचारा. खुणेच्या वर ऑइल भरलेले असेल तर जास्तीचे काढून घ्यायला सांगा. इंजिनचा फिरणारा दांडा (क्रँक) त्यात आपटून फेस होतो आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला पुरत नाही.

ट्रान्समिशनचे ऑइल आणि इन्व्हर्टरचे कुलंट ही वेगळी कामे आहेत, त्यांच्या मुदती वेगळ्या. इंजिन ऑइल बदलले म्हणजे तीही झाली असे धरू नका.

बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड, दर्जा आणि किती लिटर भरले एवढे लिहून घ्या; वॉरंटीच्या वेळी हाच पुरावा लागतो. पुढच्या वेळी येताना तुमच्या रोजच्या फेऱ्यांचे अंतर आणि आठवड्यातून किती वेळा लांब जाणे होते ते सांगा, म्हणजे पुढची तारीख त्यावरून ठरवून बिलावरच लिहून देता येईल.