शेवटचा मेल सर्व्हर इतकी वर्षे का हटत नव्हता?

महाडपासून सावंतवाडीपर्यंत कित्येक कारखान्यांत आणि निर्यातदारांच्या कार्यालयांत एक गोष्ट हमखास आढळते: मेलबॉक्स केव्हाच क्लाउडवर गेलेले, पण जुना एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचे कार्यालयीन मेलचे सॉफ्टवेअर) सर्व्हर कोपऱ्यात चालूच. हा आळस नव्हे. बंद करायची रीतसर सोयच 2022पर्यंत नव्हती.

1996 साली आलेला एक्स्चेंज 4.0 आणि नंतरचा 5.5 स्वतःची डिरेक्टरी, म्हणजे नावा-पत्त्यांची यादी, बाळगत. एक्स्चेंज 2000ने ती मोडीत काढून पत्त्यांची सगळी नोंद अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोजच्या लॉगिन सांभाळणाऱ्या यादीत, टाकली. लहान कार्यालयांत ही जोडगोळी स्मॉल बिझनेस सर्व्हरमधून शिरली: फायली, लॉगिन, मेल, सगळे एकाच यंत्रावर. डायल-अपच्या दिवसांत ते सोयीचेच होते. सर्व्हर ठरावीक वेळाने पीओपी3 (मेल उतरवून घेण्याची पद्धत) वरून मेल ओढून आणी आणि आतल्या आतली मेल लाइन अडवत नसे. डोकेदुखी जागेची होती. एक्स्चेंज 2003 स्टँडर्डचा डेटाबेस 16 जीबीला पोचला की मेल ठप्प. दुसऱ्या सर्व्हिस पॅकने मर्यादा 75 जीबीवर नेली खरी, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) आकडा बदलला नाही तर गाडी 18वरच अडे.

क्लाउडवर मेल देणारे मायक्रोसॉफ्टचे ऑफिस 365 जून 2011मध्ये आले, तरी कोकणात निकड पटली ती नंतर. 3 जून 2020च्या निसर्ग वादळाने रायगड, दापोली, मंडणगडची वीज कित्येक दिवस घालवली. 2 मार्च 2021ला एक्स्चेंजमधल्या, आधीच हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या चार त्रुटींसाठी तातडीचे पॅच (दुरुस्त्या) निघाले. त्याच वर्षी 22 जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच खोलीतली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकदमच जाणार हे वेगळे सांगायला नको.

मेलबॉक्स हलले, पण पासवर्ड आणि नावे कार्यालयातूनच सिंक होत (आपोआप क्लाउडवर उतरत) राहिली. सिंक चालू असेतो ईमेलचा पत्ता, टोपणपत्ता तेव्हा क्लाउडमध्ये बदलता येत नसे. बदल अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच करावा लागे आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टची मान्यता फक्त एक्स्चेंजच्या साधनांनाच होती. निव्वळ एवढ्यासाठी अख्खा सर्व्हर पॅच करत बसायचे!

एप्रिल 2022मध्ये एक्स्चेंज 2019च्या सीयू12ने (बाराव्या एकत्रित अपडेटने) ही गाठ सोडवली. व्यवस्थापनाची साधने डोमेनमधल्या (कार्यालयाच्या त्याच लॉगिन-जाळ्यातल्या) दुसऱ्या संगणकावर बसवायची, पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीतून) काम होते ना हे पाहायचे आणि सर्व्हर बंद करायचा. अनइन्स्टॉल मात्र करायचे नाही. नंतरही लागणारी माहिती त्यात पुसली जाते. डिरेक्टरीतल्या जुन्या सर्व्हरच्या नोंदींच्या सफाईची स्क्रिप्ट चालवली की परतीची वाट नाही, त्यानंतर डिस्क फॉरमॅट. सिंकच सोडून दिले असेल तर उलट: नेहमीसारखे अनइन्स्टॉल करा.

फसगत होते ती बारीक गोष्टींत. ऑटोडिस्कव्हरची (मेलबॉक्स कुठे आहे ते आउटलुकला सांगणाऱ्या सोयीची) डिरेक्टरीतली नोंद आधी रिकामी केली नाही, तर कार्यालयातले आउटलुक प्रथम मेलेल्या सर्व्हरकडे धावते. झेरॉक्स मशीनचे स्कॅन आणि हजेरी यंत्राचे अहवाल पोर्ट 25वरून जुन्याच आयपीकडे जात असतात, आणि एमएक्स (बाहेरून येणारी मेल कुठे पोचवायची ते सांगणारी नोंद) बदलल्याने त्यांना काहीच फरक पडत नाही. म्हणून रिसीव्ह कनेक्टरचा (सर्व्हर मेल आत घेतो त्या दाराचा) लॉग चालू करून निदान एक महिनाअखेर जाऊ द्यावी. पगारपत्रकाची मेल तेव्हाच निघते. शेवटी एसपीएफमधून (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकते त्या यादीतून) कार्यालयाचा आयपी काढायचा आणि राउटरवरची 25 व 443 या पोर्टांची वाट बंद करायची.

एक्स्चेंज 2016 आणि 2019, दोन्हींचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) 14 ऑक्टोबर 2025ला संपला.