होमब्रिज : एका संगणकावर अनेक इन्स्टन्स

घरातील उपकरणे आयफोनवरून चालवण्याच्या ॲपलच्या होमकिट व्यवस्थेशी थेट बोलू न शकणारी घरातील उपकरणे तिच्याशी जोडून देणारी ‘होमब्रिज’ ही मुक्त आज्ञावली एकाच संगणकावर दोन वा अधिक वेळा, परस्परांपासून स्वतंत्र अशा पार्श्वसेवा म्हणून चालवण्याची पद्धत. अशा प्रत्येक स्वतंत्र चालत्या आज्ञावलीला वापरकर्ते ‘इन्स्टन्स’ म्हणतात. होमकिट चालवणाऱ्या आयफोनवरील होम ॲपच्या दृष्टीने प्रत्येक इन्स्टन्स हा वेगळा ब्रिज, म्हणजे उपकरणांना जोडणारा दुवा, असतो. तो वेगळ्या कोडने जोडावा लागतो, आणि त्यातला एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात. संगणक बहुधा रास्पबेरी पायसारखा लहान, कपाटावर किंवा राउटरशेजारी ठेवलेला आणि रात्रंदिवस चालणारा असतो.

ॲपलने होमकिट २०१४ च्या जूनमध्ये जाहीर केले. त्याच वर्षी निक फरिना यांनी होमब्रिज लिहायला घेतले, आणि त्याच्या मुळाशी खाओस टियान यांनी नोड जेएसवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर) लिहिलेली, होमकिटची भाषा बोलणारी ‘हॅप-नोडजेएस’ ही लायब्ररी होती. होमब्रिज स्वतः कोणतेही उपकरण ओळखत नाही. प्रत्येक कंपनीच्या दिव्यासाठी, पंख्यासाठी, एसीसाठी वेगळे प्लगइन, म्हणजे जोड-आज्ञावली, बसवावे लागते. प्लगइन लिहिणारे बहुतेक स्वयंसेवक असल्यामुळे त्यांचा दर्जा सारखा नसतो, आणि अनेक इन्स्टन्सची गरज मुख्यतः या विषमतेतूनच निर्माण झाली.

नोड जेएस आपली जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालवते, म्हणजे एका वेळी एकच काम करते. एका इन्स्टन्समधील सगळी प्लगइने त्यामुळे एकाच चुलीवर स्वयंपाक करतात. एखाद्या प्लगइनने हाताळला न गेलेला दोष फेकला, तर संपूर्ण प्रक्रिया कोसळते आणि तिच्यासोबत घरातले सगळे दिवे होम ॲपमध्ये ‘नो रिस्पॉन्स’ दाखवू लागतात. न कोसळता नुसते रेंगाळणारे प्लगइन याहून त्रासदायक असते. होम ॲप उघडल्यावर फोन ब्रिजला अनेक उपकरणांची स्थिती एकदम विचारतो. त्यातले एक प्लगइन परदेशातल्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसले, तर तीन सेकंदांनंतर हे प्लगइन होमब्रिजला मंद करत आहे असा इशारा नोंदवहीत (लॉगमध्ये) उमटतो, आणि तोवर शेजारच्या खोलीतला बिनदोष दिवाही ‘अपडेट होत आहे’ असेच म्हणत राहतो. असे प्लगइन वेगळ्या इन्स्टन्समध्ये हलवले की त्याची मंदी त्याच्यापुरती उरते.

दुसरे कारण मर्यादेचे आहे. होमकिट एका ब्रिजमागे, ब्रिज स्वतः धरून, १५० उपकरणांपर्यंतच परवानगी देते, म्हणजे जोडता येणारी उपकरणे १४९. एवढी उपकरणे नेहमीच्या सदनिकेत नसतात; पण काही प्लगइने एका भौतिक उपकरणाची चार-पाच आभासी बटणे तयार करतात, तेव्हा हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर गाठला जातो. तिसरे कारण आपल्याकडच्या घररचनेला विशेष लागू आहे. एक ब्रिज एका वेळी एकाच ‘होम’शी जोडता येतो. खालच्या मजल्यावर आईवडील आणि वरच्या मजल्यावर मुलाचे बिऱ्हाड, इंटरनेट मात्र एकच, अशा बंगल्यात दोन्ही बिऱ्हाडांना आपापले होम ॲप वेगळे हवे असेल तर दोन ब्रिज लागतातच. संगणक दोन लागत नाहीत.

चार गोष्टी वेगळ्या असल्याशिवाय इन्स्टन्स खऱ्या अर्थाने वेगळा होत नाही : साठवणीचे फोल्डर, ब्रिजची ओळख, पोर्ट (संगणकावर सेवेला मिळणारा दार-क्रमांक) आणि सेवेचे नाव. नवशिके पोर्ट बदलतात, कारण पोर्टची टक्कर लगेच दिसते. दुसरा इन्स्टन्स सुरूच होत नाही आणि पत्ता आधीच वापरात असल्याचे नोंदवहीत लिहून येते. ओळखीची टक्कर अशी ओरडून सांगत नाही.

ही ओळख होमब्रिजच्या मांडणीच्या, म्हणजे कॉन्फिग, फाइलमध्ये ‘ब्रिज’ या भागात ‘यूजरनेम’ म्हणून लिहिलेली असते. नाव फसवे आहे. तो वापरकर्ता नसून षोडशमान पद्धतीतील (० ते ९ आणि A ते F) सहा जोड्यांचा, मॅक पत्त्याच्या (यंत्राच्या जाळ्यातील हार्डवेअर क्रमांकाच्या) रूपाचा क्रमांक असतो. संगणकाच्या खऱ्या मॅक पत्त्याशी त्याचे जुळणे आवश्यक नसते. जुन्या नमुना-फाइलमध्ये हा क्रमांक, ५१८२६ हे पोर्ट आणि ०३१-४५-१५४ हा जोडणी-कोड ठरलेला असे, आणि असंख्य घरांत तो जसाच्या तसा उतरवला गेला. कोड दोन इन्स्टन्सचा सारखा असला तरी तांत्रिक अडचण येत नाही, फक्त तो सर्वांना ठाऊक असलेला कोड उरतो. यूजरनेम मात्र घरच्या जाळ्यात (नेटवर्कमध्ये) एकमेव असावेच लागते, कारण फोन ब्रिजला त्याच्या नावाने नव्हे तर या क्रमांकाने ओळखतो. ब्रिज आपले अस्तित्व मल्टिकास्ट डीएनएसद्वारे, यूडीपी पोर्ट ५३५३ वरून, घरच्या जाळ्यात सतत पुकारत असतो. त्या पुकाऱ्यात हा क्रमांक, ब्रिज जोडलेला आहे की मोकळा, आणि उपकरणांच्या यादीत बदल झाला की वाढणारा एक आकडा असतो.

नेहमी घडणारी चूक पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. चालू असलेले ‘.होमब्रिज’ फोल्डर नव्या नावाने नकलले, नव्या कॉन्फिग फाइलमध्ये ब्रिजचे नाव आणि पोर्ट बदलले, आणि दुसरी सेवा सुरू केली. दोन्ही इन्स्टन्स विनातक्रार चालू होतात. पण फोल्डरमधील ‘पर्सिस्ट’ या उपफोल्डरात ब्रिजची खासगी किल्ली, जोडलेल्या फोनच्या किल्ल्या आणि प्रत्येक उपकरणाला दिलेला अंतर्गत क्रमांक यांच्याही नकला झालेल्या असतात. जाळ्यात आता एकाच ओळखीचे, एकाच किल्लीचे दोन ब्रिज उभे आहेत. फोन कधी याच्याशी बोलतो, कधी त्याच्याशी. दिवे अधूनमधून नाहीसे होतात आणि परत येतात, आणि माणूस राउटरला दोष देत बसतो. नवा इन्स्टन्स म्हणून नकलायचीच असेल तर फक्त कॉन्फिग फाइल नकलावी, तीत नवे यूजरनेम घालावे, आणि पर्सिस्ट व ‘ॲक्सेसरीज’ ही उपफोल्डरे आज्ञावलीला नव्याने तयार करू द्यावीत. ओळख कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली असली तरी तिच्या किल्ल्या राहतात त्या पर्सिस्ट फोल्डरात.

होमब्रिजला कोणते फोल्डर वापरायचे हे सुरू करताना ‘उणे मोठा यू’ या खुणेपुढे मार्ग देऊन सांगतात. प्लगइनांचा मार्ग ‘उणे मोठा पी’ने वेगळा देता येतो, आणि तो द्यावा. सर्व इन्स्टन्स संगणकभर बसवलेली सामाईक प्लगइने वापरत असतील, तर एकासाठी केलेले अद्ययावतीकरण सगळ्यांच्याच फाइली बदलते, पण चालू इन्स्टन्सला ते पुन्हा सुरू होईपर्यंत कळत नाही. मग सोमवारी बसवलेल्या आवृत्तीचा दोष गुरुवारी, वीज जाऊन आल्यावर, ज्याला कोणी हातही लावला नव्हता अशा इन्स्टन्समध्ये प्रकटतो. भारनियमन असलेल्या गावी हा अनुभव अपवादात्मक नाही.

लिनक्सवर सेवा सांभाळण्याचे काम सिस्टमडी करते. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था डेबियन या लिनक्स-प्रकाराने २०१५ मध्ये आपल्या आठव्या आवृत्तीत मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली, आणि डेबियनवर आधारलेल्या रास्पबेरी पायच्या प्रणालीतही ती आली. प्रत्येक इन्स्टन्ससाठी वेगळी युनिट फाइल (सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) लिहिता येते. पण तीन-चार इन्स्टन्स झाले की फाइलींमध्ये बारीक फरक शिरतात. त्यापेक्षा साचा-युनिट सोयीचे. फाइलच्या नावात ‘होमब्रिज’ नंतर @ चिन्ह ठेवून पुढची जागा रिकामी सोडतात. सेवा सुरू करताना त्या जागी ‘दिवे’, ‘एसी’, ‘वरचामजला’ अशा अर्थाचा रोमन लिपीतला शब्द घातला की फाइलमध्ये जिथे टक्केचिन्ह व लहान आय ही खूण असेल तिथे तोच शब्द बसतो. फोल्डरचा मार्ग या खुणेने लिहिला म्हणजे एकाच फाइलमधून प्रत्येक इन्स्टन्सला आपले फोल्डर मिळते. फाइल बदलल्यावर सिस्टमडीला ती पुन्हा वाचायला सांगणारी ‘डेमन-रीलोड’ आज्ञा द्यायची राहून जाते, आणि बदल ‘लागू होत नाही’ म्हणून माणूस तासभर डोके खाजवतो.

या फाइलमधल्या दोन ओळींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘रीस्टार्ट’ नेहमीसाठी चालू ठेवतात, पण पुन्हा सुरू होण्यापूर्वी किती थांबायचे हे न लिहिल्यास सिस्टमडी केवळ १०० मिलिसेकंद थांबते. तिच्या मूळ नियमानुसार दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडलेली सेवा ती पुढे उचलतच नाही. कॉन्फिग फाइलमध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी हे घडू शकते. ‘रीस्टार्टसेक’ तीन वा अधिक सेकंद ठेवला की हा अडथळा येत नाही. दुसरी ओळ जाळे तयार झाल्यावरच सुरू होण्याची. वीज आल्यावर रास्पबेरी पाय काही सेकंदांत उठतो, राउटरला त्याहून वेळ लागतो, आणि जाळ्याविना जागे झालेले प्लगइन उपकरणे सापडली नाहीत असे ठरवून मोकळे होते.

सेवा प्रशासक म्हणून चालवू नये. होमब्रिजची पोर्टे १०२४ च्या वरची असल्यामुळे त्या अधिकाराची गरज नसते, आणि अनोळखी माणसाने लिहिलेल्या प्लगइनला पूर्ण संगणकाच्या चाव्या देण्यात शहाणपण नाही. प्रत्येक इन्स्टन्सला वेगळा वापरकर्ता दिल्यास एका इन्स्टन्सच्या प्लगइनला दुसऱ्याच्या फोल्डरमधील किल्ल्या आणि पासवर्ड वाचता येत नाहीत. मात्र त्यासाठी फोल्डरांच्या परवानग्याही तशाच आवळाव्या लागतात.

होमब्रिजच्या वेब-आधारित नियंत्रण पृष्ठासोबत येणारी ‘एचबी-सर्व्हिस’ ही आज्ञा ही सगळी मांडणी स्वतः करते, आणि तिला सेवेचे नाव, फोल्डर व पृष्ठाचे पोर्ट वेगळे सांगता येते. पृष्ठाचे ठरलेले पोर्ट ८५८१ असल्याने दुसऱ्या इन्स्टन्सला दुसरे द्यावे लागते. या पद्धतीत एक गोम आहे. सिस्टमडीच्या नजरेस पडते ती एचबी-सर्व्हिसची प्रक्रिया. प्रत्यक्ष होमब्रिज तिच्या पोटी चालत असते. त्यामुळे होमब्रिज पुन्हा पुन्हा कोसळत असतानाही सिस्टमडी सेवा ‘सक्रिय’ असल्याचे प्रामाणिकपणे सांगते. खरी स्थिती इन्स्टन्सच्या स्वतःच्या नोंदवहीतच कळते.

ॲपलच्या मॅक संगणकावर हेच काम लाँचडी करते. तेथे प्रत्येक इन्स्टन्ससाठी वेगळ्या लेबलची पीलिस्ट ही मांडणी-फाइल लागते. आज्ञावली बंदिस्त ‘कंटेनर’मध्ये चालवणाऱ्या डॉकरमध्ये चालवताना मल्टिकास्टचा पुकारा कंटेनरबाहेर जावा म्हणून सहसा यजमान संगणकाचेच जाळे वापरतात, आणि मग पोर्टे वेगळी ठेवण्याची जबाबदारी पुन्हा वापरकर्त्यावर येते.

२०२१ मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीने ‘चाइल्ड ब्रिज’ची सोय दिली आणि या पद्धतीची बरीच गरज संपवली. त्यात एकाच इन्स्टन्समधील निवडक प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत, वेगळ्या यूजरनेम व पोर्टसह चालते. कॉन्फिग फाइल आणि नियंत्रण पृष्ठ मात्र एकच राहते. एका उनाड प्लगइनला वेगळे बसवणे किंवा १४९ ची मर्यादा ओलांडणे एवढाच हेतू असेल, तर आज स्वतंत्र सेवा उभारणे हा अनाठायी खटाटोप ठरेल. स्वतंत्र सेवांची खरी जागा उरते ती वेगळ्या ठिकाणी : नव्या आवृत्तीची चाचणी चालत्या घराला धक्का न लावता घ्यायची असेल, एखाद्या जुन्या प्लगइनला नोड जेएसची जुनी आवृत्तीच लागत असेल, किंवा दोन बिऱ्हाडांचा कारभार दोन वेगळ्या माणसांनी बघायचा असेल. मुख्य इन्स्टन्स पुन्हा सुरू केला की त्याचे सगळे चाइल्ड ब्रिजही पुन्हा सुरू होतात, हा फरकही मोजायला हवा.

दोन्ही पद्धतींत आपोआप न सुटणारा प्रश्न संगणकाच्या क्षमतेचा आहे. कॅमेऱ्याचे चित्रण रूपांतरित करणारी एफएफएमपेग ही आज्ञावली प्रोसेसर व्यापून बसली, तर वेगळ्या सेवेत असलेले दिवेही अडखळतात. सिस्टमडीत त्या सेवेला प्रोसेसरचा वाटा ठरवून देता येतो. ती सोय चाइल्ड ब्रिजला स्वतंत्रपणे मिळत नाही, कारण तो मुख्य सेवेच्याच वाट्यात मोडतो.

चालू घरात विभागणी करताना हे लक्षात घ्यावे लागते की एका इन्स्टन्समधून दुसऱ्यात हलवलेले उपकरण होम ॲपला नवेच वाटते. त्याची खोली, त्याचे दिलेले नाव, ‘संध्याकाळी सातला लावा’ यांसारखी स्वयंचलने सगळी नव्याने मांडावी लागतात. म्हणून ज्या प्लगइनच्या उपकरणांवर जास्त स्वयंचलने बेतलेली असतील ते जुन्या जागीच ठेवून बाकीची हलवणे कमी कष्टाचे पडते. इन्स्टन्स मोडतानाचा क्रमही असाच महत्त्वाचा : आधी होम ॲपमधून तो ब्रिज काढावा, मग सेवा थांबवून ती संगणक सुरू होताना आपोआप उठणार नाही अशी करावी, आणि शेवटी फोल्डर पुसावे. फोल्डर आधी पुसले आणि त्याच यूजरनेमने सेवा पुन्हा उठली, तर ब्रिज कोरा झालेला असतो पण फोन त्याला जुनाच समजून जुन्या किल्लीने दार ठोठावत राहतो.