एचटीएमएलच्या सरावाला इंटरनेट लागत नाही

‘घरी नेट नाही, मग एचटीएमएलचा सराव कसा करणार?’ अकरावी-बारावीला आयटी घेतलेली कितीतरी मुलं या समजापायी वेबपानं लिहायच्या या भाषेचा सरावच सोडतात. तो समज चुकीचा आहे. नोटपॅडमध्ये कोड लिहा, सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा, नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लावा. डबल क्लिक केलं की ब्राउझर फाइल थेट डिस्कवरून वाचतो. नोटपॅडच उघडला, तर नावामागे डॉट टीएक्सटी चिकटलेलं असतं. मराठी अक्षरं विचित्र दिसली, तर मेटा टॅगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ द्या आणि फाइलही त्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा.

जावास्क्रिप्टही ब्राउझरमध्येच चालते. पीएचपी या भाषेला मात्र सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम हवा, पण तो आपल्याच संगणकावर चालतो: झॅम्प हे सर्व्हरचं पॅकेज पेन ड्राइव्हवरून आणून बसवा, त्यातला अपाची हा सर्व्हर सुरू करा, फाइल झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवा आणि लोकलहोस्टच्या पत्त्यावरून उघडा.