वरचे टाके सुकले, पण आत काय चिकटलं?

मागच्या गणपतीत मावशीच्या पोटात कळा सुरू झाल्या. कोथरूडच्या घरी सगळ्यांना वाटलं मोदक जास्त झाले असतील, ओवा दिला, एरंडेलाची बाटलीसुद्धा काढली होती, पण रात्री हिरवी उलटी झाली, पोट ड्रमसारखं फुगलं आणि गॅसही सुटेना. अ‍ॅडमिट केल्यावर सर्जननी पहिलंच विचारलं, "पोटाचं जुनं ऑपरेशन?" होतं ना, गर्भपिशवी काढली होती, 2006 साली! तेव्हाच्या ऑपरेशनमुळे आतडी आतून चिकटली होती.

पोटाच्या आत पेरिटोनियम नावाचं एकदम पातळ, ओलसर अस्तर असतं, म्हणून आतडी एकमेकांवरून सुळकन सरकतात. ऑपरेशनमध्ये ते खरचटलं की तिथे फायब्रिन जमतं, ही जखमेवरची खळच समजा. शरीर ती काही दिवसांत विरघळवून टाकतं. पण तिथे रक्तपुरवठा कमी पडला किंवा इन्फेक्शन झालं तर हे काम मंदावतं, मग त्या खळीत पेशी शिरतात, कोलॅजनचे चिवट धागे विणतात, आत रक्तवाहिन्या वाढतात आणि दोन भागांना चिकटवणारी ही पट्टी कायमची होते. चीर देऊन केलेल्या पोटाच्या ऑपरेशननंतर 10 पैकी साधारण 9 जणांत असं थोडंफार होतंच, बहुतेकांना त्रास होत नाही, पण कुणाचं आतडं अडकतं, कुणाची गर्भनलिका ओढली जाऊन मूल राहायला अडचण येते.

मग टाळायचं कसं? खरं काम पहिल्या ऑपरेशनच्या टेबलावरच असतं. मोदक वळताना उकड सुकू नये म्हणून आपण ओलं फडकं झाकतो ना, तसंच आतडी ओल्या पॅडखाली ठेवायची, कोरड्या गॉजने घासायची नाहीत, रक्त साचू द्यायचं नाही. जमत असेल तिथे दुर्बिणीतून केलेलं बरं, त्यात खरचटणं कमी. पूर्वी ग्लोव्हजना मक्याच्या स्टार्चची पावडर असायची, तिचे कण पोटात राहिले की चिकटणं वाढायचं, अमेरिकेने 2017 पासून असे ग्लोव्हज बंदच केले. सेप्राफिल्म नावाची एक पातळ शीट मिळते, 1996 पासून वापरात आहे, ती ओली होऊन जेल बनते, जखमेचे आठवडाभराचे नाजूक दिवस दोन भाग वेगळे ठेवते आणि मग आपोआप विरघळते. मात्र आतडं कापून जोडलं असेल तर त्या सांध्याभोवती ती गुंडाळत नाहीत, जोड लीक व्हायचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला हे बिनधास्त विचारा, तुमच्या केसमध्ये काय चालेल ते तेच सांगतील.

एकदा चिकटलं की चोळून किंवा काढा पिऊन सुटत नाही, आणि ऑपरेशन करून सोडवलं तर त्या नव्या जखमेतूनच पुन्हा चिकटू शकतं, म्हणून सर्जन उगाच पोट उघडत नाहीत. मावशीचं सीटी स्कॅन केलं, त्यात आतडं कुठे अडकलंय ते दिसलं (ती पट्टी स्वतः सहसा दिसत नाही), मग नाकातून नळी, सलाईन, तोंडाने काही नाही. चौथ्या दिवशी गॅस सुटला आणि तिने भाताची पेज मागितली.

ते एरंडेल आम्ही दिलं नाही हे किती बरं झालं, कारण अडकलेल्या आतड्यावर जुलाबाचं औषध म्हणजे थेट धोका. जुनं ऑपरेशन, कळा, उलटी, फुगलेलं पोट आणि गॅस बंद, एवढं जुळलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा आणि जुनी फाईल बरोबर घ्या.