थ्री ग्रेसेस : मूर्ती घराची की मालकाची?

इटालियन शिल्पकार कानोव्हाच्या थ्री ग्रेसेसबद्दल, म्हणजे एकमेकींना बिलगलेल्या तीन ग्रीक देवतांच्या संगमरवरी मूर्तीबद्दल, बोलताना हमखास घोळ होतो, कारण अशा मूर्ती दोन आहेत. पहिली नेपोलियनच्या घटस्फोटित बायकोने करायला दिलेली, पण ती बाई १८१४ मध्येच वारली, मग मूर्ती तिच्या मुलाकडे आणि आज ती सेंट पीटर्सबर्गला. दुसरी एका इंग्लिश ड्यूकची. तो कानोव्हाच्या रोममधल्या स्टुडिओत गेला, हीच द्या म्हणाला, मिळाली नाही, म्हणून त्याच वर्षी स्वतःसाठी वेगळी सांगितली. खूण सोपी आहे, मागचा खांब बघायचा. रशियातल्या मूर्तीला चौकोनी, ड्यूकच्या मूर्तीला गोल. बाकी तिघींनी एकमेकींच्या गळ्यात टाकलेले हात आणि मधून फिरणारं ते एकच वस्त्र दोन्हीकडे आहे.

ड्यूकने इंग्लंडमधल्या आपल्या वोबर्नच्या वाड्यात हिच्यासाठी खास गोल दालन बांधलं, उजेड वरून येणारा. १८१९ मध्ये मूर्ती तिथे बसवली.

खरा तमाशा १९८० च्या दशकात. ती विकून अमेरिकेला न्यायचं ठरलं आणि प्रश्न आला की ही 'फिक्स्चर' आहे का? म्हणजे बघा, फ्लॅट विकताना भिंतीतलं कपाट घरासोबत जातं आणि पलंग आपण टेम्पोत घालून नेतो, तसंच हे. वाडा संरक्षित, त्यामुळे मूर्ती इमारतीचा भाग ठरली असती तर परवानगीशिवाय हलवताच आली नसती. एका बाजूचं म्हणणं, अहो दालनच तिच्यासाठी बांधलंय, ती काढली तर उरतं काय. दुसरी बाजू, ती नुसती ठेवलेली आहे. आणि गंमत म्हणजे तिच्या चौथऱ्याचा वरचा भाग फिरायचा, मूर्ती गोल फिरवून पाठमोरी बघता यावी म्हणून, म्हणजे जी वस्तू जागच्या जागी फिरते तिला पक्की बसवलेली कसं म्हणायचं? सरकारने फिक्स्चर नाही असा निर्णय दिला. मला तो अजून पटत नाही, जागा आणि मूर्ती एकमेकांसाठीच केलेल्या असताना चुना-सिमेंट कसलं शोधता?

मग मूर्ती देशाबाहेर जाऊ नये म्हणून निर्यात परवाना लांबवत राहणं एवढंच सरकारच्या हातात उरलं. पैसे जमवायला वर्षं गेली, काही बड्या धनिकांनी हात दिला आणि १९९४ मध्ये लंडन आणि एडिनबरा इथल्या दोन संस्थांनी ७६ लाख पाउंडांना ती मिळून घेतली. दोघांची सामाईक, त्यामुळे तेव्हापासून आलटून पालटून दोन्ही शहरांत मुक्काम.