लॉगिनचं बटण आणि हरवलेल्या दोन ओळी

1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल या ईमेल सेवेच्या बऱ्याच लोकांना आपली मेल उघडेना. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ‘पासपोर्ट’ ही सेवा सुरू केली होती. एक नाव, एक पासवर्ड, आणि त्यावर हॉटमेलसकट अनेक साइट्स. तर या सेवेच्या डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाची, फी भरायचीच राहून गेली होती. शेवटी अमेरिकेतल्या एका लिनक्सवाल्या प्रोग्रॅमरने आपल्या खिशातले 35 डॉलर भरले आणि लोकांची मेल पुन्हा उघडू लागली.

बिल भरायचं कुणाचंही राहतं. पण इथे चूक एका कंपनीची आणि खोळंबा सगळ्यांचा, हे पहिल्यांदाच इतकं उघड दिसलं.

मार्च 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘हेलस्टॉर्म’ची घोषणा केली. पासपोर्टच्या जोरावर माणसाची पत्त्यांची वही, कॅलेंडर, पैशाचं पाकीट असं सगळं आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं, असा तो बेत होता. बाकीच्या कंपन्यांना घाम फुटला. सप्टेंबर 2001 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीच्या पुढाकाराने ‘लिबर्टी अलायन्स’ ही कंपन्यांची आघाडी उभी राहिली. खुल्या मानकांचा, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा तांत्रिक नियमांचा, झेंडा तिच्या हाती होता खरा, पण त्यात लोकांच्या स्वातंत्र्याची कळकळ किती आणि मायक्रोसॉफ्टची धास्ती किती, हे सांगायला ज्योतिषी नको. हेलस्टॉर्म वर्षभरात बासनात गेलं. ऑगस्ट 2002 मध्ये पासपोर्टच्या सुरक्षिततेबद्दल केलेल्या दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मायक्रोसॉफ्टला समझोता करायला लावला. 2005 च्या सुरुवातीला ईबे या ऑनलाइन बाजारानेही पासपोर्ट सोडला. लिबर्टीचं काम पुढे ‘सॅमल 2.0’ या मानकात मिसळलं. ऑफिसात सकाळी एकदा लॉगिन केलं की बाकीच्या सिस्टिम आपोआप उघडतात, त्यामागे आजही बऱ्याचदा तेच असतं. घरच्या वापरासाठी मात्र त्याचा पसारा फार मोठा होता.

खरी गंमत 2005 च्या मे महिन्यातली. लाइव्हजर्नल ही ब्लॉगची साइट उभी करणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ‘ओपनआयडी’ मांडलं. कल्पना साधी होती: तुमच्या वेबसाइटचा पत्ता हीच तुमची ओळख. लॉगिनच्या चौकटीत युजरनेमऐवजी हा पत्ता लिहायचा. समोरची साइट त्या पानावर जाऊन ‘या माणसाची खातरजमा कोण करतं?’ ते बघणार, तुम्हाला त्या खातरजमा करणाऱ्याकडे, म्हणजे ‘प्रोव्हायडर’कडे पाठवणार, आणि तिथून होकार आला की आत घेणार. पासवर्ड समोरच्या साइटला कळतच नाही.

यात एक सोय होती, आणि माझ्या मते सगळा जीव तिच्यातच होता. आपल्या पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्यात लिहिलेलं असतं त्या कोडमध्ये, वरच्या ‘हेड’ भागात, दोन ओळी टाकायच्या. एका ओळीत प्रोव्हायडरच्या सर्व्हरचा पत्ता, दुसऱ्या ओळीत त्याच्याकडचं आपलं खातं. उद्या तो प्रोव्हायडर बुडाला किंवा आवडेनासा झाला, तर फक्त या दोन ओळी बदलायच्या. जगासाठी तुमची ओळख तीच राहणार. 2011 मध्ये भारतभर मोबाइल नंबर पोर्ट करायची सोय आली, कंपनी बदलली तरी नंबर तोच राहू लागला. ही त्याच जातीची गोष्ट, तीही जवळपास सहा वर्षं आधी.

मग ते चाललं का नाही? एक तर लोकांना नाव विचारल्यावर वेबसाइटचा पत्ता लिहायची सवय नव्हती, आणि बहुतेकांकडे स्वतःची वेबसाइटही नव्हती. दुसरं कारण जास्त बोचरं आहे. याहू, एओएलसारख्या बड्या कंपन्या आपल्या लोकांना ओपनआयडी वाटायला तयार होत्या, दुसऱ्याने दिलेली घ्यायला मात्र हात आखडता. पंगतीत वाढपीच जास्त झाले, जेवायला कुणी बसेना. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने 2008 मध्ये केवळ ओपनआयडीवर दार उघडलं होतं, पण असे थोडेच.

त्याच 2008 च्या डिसेंबरात ‘फेसबुक कनेक्ट’ सगळ्यांसाठी खुलं झालं. निळं बटण दाबलं की काम झालं. साइटवाल्यांना नुसता पत्ता नाही, तर माणसाचं नाव, फोटो, मित्रांची यादी असं भरलेलं ताट मिळत होतं. त्यापुढे दोन ओळींची कोण फिकीर करणार?

खुल्या बाजूचे लोक मात्र थांबले नाहीत. पासवर्ड न देता एका सेवेला दुसरीकडची परवानगी देणारं ‘ओऑथ’ 2007 मध्ये आलं, 2012 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती पक्की झाली, आणि तिच्यावर बेतलेलं ‘ओपनआयडी कनेक्ट’ फेब्रुवारी 2014 मध्ये जाहीर झालं. त्याच महिन्यात ‘मायओपनआयडी’ हा जुन्या पद्धतीचा नावाजलेला प्रोव्हायडर बंद पडला. आज गूगलचं बटण ओपनआयडी कनेक्टवरच चालतं. आपल्याकडच्या डिजिलॉकरमधून कागदपत्रं घेणारी ॲप्सही ओऑथ 2.0 च्याच वाटेने जातात. म्हणजे कागदोपत्री खुलं मानक जिंकलं.

पण या नव्या पद्धतीत साइटच्या हाती जी चिठ्ठी पडते, ती बघण्यासारखी आहे. ‘इश्यूअर’ म्हणजे चिठ्ठी देणारा कोण, ही एक नोंद. ‘सब्जेक्ट’ म्हणजे तुम्ही कोण, ही दुसरी. गूगलच्या चिठ्ठीत सब्जेक्टच्या जागी एक लांबलचक आकडा असतो. तो गूगलने दिलेला, आणि गूगलच्या नावासोबतच त्याला अर्थ. खातं बंद झालं की तो आकडा दुसऱ्या कुणाकडे पोर्ट करता येत नाही. नियम सगळ्यांना वाचायला खुले आहेत, पण त्या दोन ओळींची जागा त्यांत उरलेली नाही.

अलीकडे पासवर्डच घालवायचे म्हणून पासकी आल्या, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनसाठी साठवून ठेवलेल्या डिजिटल किल्ल्या. 2022 मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्यांना एकत्र पाठिंबा जाहीर केला. लगेच जुनाच प्रश्न पुढे आला: ॲपलकडे साठवलेल्या पासकी उद्या दुसरीकडे न्यायच्या तर कशा? त्या हलवायचे नियम कसे असावेत, याचा पहिला मसुदा फिडो अलायन्स या पासकीची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध केला.